सव्वातीन किलोचा कॅमेरा आणि बारवेच्या पायऱ्या

या वेळचं पत्र परभणीच्या एका ताईंचं आहे, नाव देऊ नका म्हणाल्यात. पत्र बरंच मोठं होतं, कामापुरतं देतो.

"दादा, नमस्कार. मी ज्युनिअर कॉलेजला इतिहास शिकवते, वय ४७. २०१६ साली भिशीचे पैसे आणि पीएफमधून उचल असं जमवून निकॉन डी७५० घेतला, सोबत २४-७० आणि नंतर ७०-२०० लेन्स, दोन्ही एफ २.८ चे. आपल्या भागातल्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), जुनी देवळं, वीरगळ (वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड) यांचे फोटो काढते, दोनदा कॉलेजात प्रदर्शन लावलं, प्रिंट १२ बाय १८ च्या. ७०-२०० मात्र गॅदरिंग आणि भाच्याचं लग्न सोडलं तर फारसा निघाला नाही. मागच्या दिवाळीपासून उजवा खांदा आखडलाय, फ्रोजन शोल्डर. फिजिओथेरपीनं फरक आहे पण डॉक्टर म्हणाले जड पिशवी खांद्याला लावायची नाही. आठ महिने झाले कॅमेरा कपाटात आहे. लेक म्हणतो चांगला मोबाईल घे, झालं. ज्यांच्याकडं मी शिकले ते लग्नाचे फोटोग्राफर म्हणतात फुल फ्रेमवरून, म्हणजे मोठ्या सेन्सरवरून, खाली उतरू नका, पस्तावाल. आणि हा कॅमेरा विकायचा म्हटलं की माझ्या पोटात कालवतं, स्वतःच्या पैशानं घेतलेली ती माझी पहिली मोठी वस्तू. छोटा घेऊ का? कुठला? की आता हा नादच सोडू?"

ताई, नाद सोडायचं नावच काढू नका. ज्या बारवांचे फोटो तुम्ही काढता त्यातल्या कितीतरी आज गाळानं भरायल्यात, काहींच्या पायऱ्या ढासळायल्यात, आणि तुमच्यासारख्या इतिहास माहीत असलेल्या माणसानं काढलेला फोटो आणि येताजाता कोणी काढलेला फोटो यात फरक असतोच. तेव्हा छोटा कॅमेरा घ्या हे माझं सरळ उत्तर. पण कुठला आणि कसा हे नीट बोलू, कारण छोटा कॅमेरा घेतो म्हणून दुकानात गेलेली आणि पिशवी तेवढीच जड घेऊन परत आलेली माणसं मी पाह्यलीत.

आधी एक काम करा, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या आणि एकेक वस्तू त्यावर ठेवा. डी७५० बॅटरी आणि कार्डासकट ८४० ग्रॅम भरेल. २४-७० जर जी वालं जुनं असेल तर ९०० ग्रॅम, व्हीआर वालं असेल तर १०७० ग्रॅम. ७०-२०० दीड किलोच्या आसपास. सव्वातीन किलो इथंच झाले, अजून पिशवीचं स्वतःचं वजन, ट्रायपॉड, पाण्याची बाटली हे वेगळंच. आता बगा, यात बॉडीचा वाटा पाव भागच आहे, बाकी सगळी काच. म्हणजे बॉडी कितीही छोटी घेतली आणि पुढं हेच लेन्स लावले तर खांद्याला काही फरक पडायचा नाही.

आणि ही काच जड का असते तेही सांगतो कारण ते एकदा कळलं की निर्णय सोपा होतो. ७०-२०० एफ २.८ मधे २०० ही मिलिमीटरमधली फोकल लेंग्थ आणि एफ २.८ म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं. २०० ला २.८ नं भागा, ७१ येतं, म्हणजे लेन्सचं तोंड निदान ७१ मिलिमीटर रुंद लागणारच, त्यातून सुटका नाही, कंपनी कुठलीही असो. आताचे छोटे कॅमेरे मिररलेस, त्यात आरसा नसतो म्हणून बॉडी पातळ होते, निकॉनच्या जुन्या माउंटमधे, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यात, लेन्सपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर होतं ते नव्या झेड माउंटमधे १६ वर आलं, पण काचेचं तोंड त्यानं लहान होत नाही. निकॉनचं झेड माउंटचं पहिलं २४-७० एफ २.८ पण ८०५ ग्रॅमचं आहे. तुमचं जी वालं असेल तर एवढा खर्च करून वाचले किती, तर शंभरेक ग्रॅम.

मग प्रश्न असा की तुम्हाला एफ २.८ लागतो का? तुमचे प्रदर्शनाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडा, प्रत्येक फाईलमधे फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर लिहिलेलं असतं, लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात फिल्टर लावला की एका मिनिटात दिसतं. मी पैजेवर सांगतो, निम्म्याहून जास्त फोटो २४ ते ३५ मधले निघतील आणि ॲपर्चर एफ ८ किंवा एफ ११, कारण बारव म्हटलं की वरच्या पायरीपासून तळाच्या पाण्यापर्यंत सगळं स्पष्ट पाहिजे असतं, वीरगळावरचं कोरीवकाम पण तसंच. म्हणजे एफ २.८ साठी मोजलेले पैसे आणि रोज उचललेलं वजन तुमच्या फोटोत उतरलेलंच नाही. तुमच्या गुरुजींचं तसं नाही. त्यांचं काम लग्नाचं, रात्री अकरा वाजता मांडवातल्या पिवळ्या लाइटात वरात टिपायची, तिथं मोठा सेन्सर, उघडं ॲपर्चर आणि दोन कार्डं लागतातच, ते त्यांच्या धंद्यापुरतं शंभर टक्के खरं बोलले. पण तुमचं काम दिवसाउजेडी आणि दगडाचं आहे, दगड काही हलत नाही.

सेन्सर छोटा झाला की क्वालिटी जाते का, तर थोडा हिशेब. तुमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आणि छोट्या कॅमेऱ्यात जो एपीएस-सी सेन्सर येतो तो साधारण २३.५ बाय १५.६ चा. तुम्ही आत्ता एफ ११ ला जेवढी खोली स्पष्ट मिळवता तेवढीच तिथं साधारण एफ ८ ला मिळते. एफ ८ ला उजेड जास्त येतो म्हणून आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, एक पायरी खाली ठेवता येतो, आणि मोठ्या सेन्सरचा नॉइजमधला (फोटोतल्या रवाळपणातला) जो फायदा होता तो जवळपास तिथंच फिटतो. आता प्रिंट. १२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) लांबीला ५४०० पिक्सेल लागतात, आणि २०.९ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाईल ५५६८ पिक्सेल लांब असते. तुमच्या भिंतीवरच्या प्रिंटमधे कोणालाही, तुमच्या गुरुजींना पण, कुठल्या कॅमेऱ्याचा फोटो आहे ते सांगता येणार नाही.

मी स्वतः मोठा सोडून छोटा कॅमेरा २०१९ साली घेतला. त्याच्या आधीची एक गोष्ट सांगतो. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोल फिरत खाली जाणारी बारव तुम्ही पाह्यलीच असेल, मी तिथं एप्रिलमधे गेलो होतो, पाठीवर न लावता एका खांद्याला लटकवलेली पिशवी, गळ्यात कॅमेरा. खाली उतरताना वाकलो आणि पिशवी घसरून सगळं वजन एकदम पुढं आलं, तोल गेला, हात भिंतीच्या कोनाड्यात अडकवून कसाबसा थांबलो. कॅमेरा दगडावर आपटला, लेन्सचं हूड तडकलं, आणि पायऱ्यांवर लेन्सची टोपी टण टण करत खाली जाताना ऐकू येत होती. त्या दिवशी मला काही लागलं नाही पण घरी येऊन मी पहिल्यांदा पिशवी वजनकाट्यावर ठेवली. बारवेच्या पायऱ्या अरुंद, उंच, खाली शेवाळ, एका बाजूला कठडा पण नाही, तिथं दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि तुमचा तर एक हात वरच जात नाही. मला फोटोच्या क्वालिटीपेक्षा ह्याची काळजी जास्त वाटायली.

दुसरी गोष्ट माणसांची. मोठा कॅमेरा घेऊन गावात गेलं की "चॅनलवाले हैत का?", "सर्वे करायलेत का, अनुदान येणार का बारवेला?" असं विचारत दहा जण गोळा होतात, आणि खोटी आशा लावल्यासारखं वाटून आपल्यालाच वाईट वाटतं. छोटा कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा एक म्हातारी आजी धुणं घेऊन बसली होती तिथंच बसून राह्यली, "फोटू काढायलास का लेकरा, काढ काढ" म्हणाली आणि १९७२ च्या दुष्काळात त्या बारवेवर रात्री नंबर लावून पाणी कसं नेत होते ते अर्धा तास सांगत बसली. तुम्ही इतिहासाच्या, तुम्हाला तर हे फोटोइतकंच मोलाचं.

आता कुठला घ्यायचा. तुम्ही दहा वर्षं निकॉन वापरताय, मेन्यू बोटांना पाठ आहे, म्हणून माझं पहिलं मत निकॉन झेड५० टू. बॅटरी-कार्डासकट ५५० ग्रॅम, त्यासोबत येणारं १६-५० लेन्स फक्त १३५ ग्रॅम आणि ते तुमच्या २४-७० एवढंच दाखवतं (छोट्या सेन्सरवर आकडा दीडपट धरायचा), उलट थोडं जास्तच, २४ ते ७५. त्यात पुढंमागं १२-२८ घ्या, २०५ ग्रॅम, ते तुमच्या भाषेत १८ ते ४२ होतं, अरुंद बारवेत पाठ भिंतीला टेकलेली असताना समोरची कमान आणि तळाचं पाणी एका फोटोत बसवायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. बॉडी, दोन्ही लेन्स सगळं मिळून ८९० ग्रॅम, म्हणजे तुमच्या एकट्या २४-७० एवढं! ह्या दोन्ही लेन्सचं ॲपर्चर ३.५ पासून सुरू होतं आणि झूम केलं की अजून कमी होतं, पण तुम्ही एफ ८ वर काम करता, तुम्हाला त्याचं सुखदुःख नाही.

गुरुजींचा शब्द मोडवत नसेल, फुल फ्रेमच पाहिजे असेल, तर तीही सोय आहे. कॅनन आर८ फुल फ्रेम असून बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम आहे आणि २४-५० लेन्स २१० ग्रॅम. म्हणजे फुल फ्रेम म्हणजे जड हे आता राह्यलं नाही, जड होतात ते एफ २.८ चे झूम. पण त्यासाठी पैसे बरेच जास्त जातात, मेन्यू नव्यानं शिकावा लागतो आणि तुमच्या फोटोत फरक दिसणार नाही असं माझं प्रामाणिक मत. फुजीफिल्मचा एक्स-टी५० पण सुंदर आहे, ४३८ ग्रॅम, ४० मेगापिक्सेल, हात हलला तरी सांभाळायची सोय बॉडीतच आहे, वरच्या चकत्या फिरवून सेटिंग करायला मजा येते, हातात घेऊन बघा, जीव जडला तर घ्या.

खिशात मावणारे रिको जीआर सारखे कॅमेरे मी तुम्हाला सांगणार नाही. २५७ ग्रॅमचा जीआर थ्री रस्त्यावरच्या फोटोंना झकास आहे, पण लेन्स बदलता येत नाही, २८ मिलिमीटरवरच अडकून बसावं लागतं आणि डोळा लावायला व्ह्यूफाइंडरच नाही. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात दुपारी स्क्रीनवर काय दिसतं ते तुम्ही मोबाईलवर अनुभवलंच असेल, काही दिसत नाही.

मोबाईलचंही सांगून टाकतो, लेक अगदीच चुकीचं बोलला नाही. नोंदीसाठी, लोकेशनसाठी, शिलालेखाचा पटकन फोटो घेण्यासाठी मोबाईल उत्तम आहे. पण वाइड लेन्सवर मोबाईलचे कोपरे ताणल्यासारखे होतात, बारवेच्या तळातला अंधार तो स्वतःच्या अकलेनं उजळतो आणि दगडाचा पोत पार गुळगुळीत करून टाकतो. स्क्रीनवर छान दिसतं, १२ बाय १८ ला काढलं की छिन्नीचे घाव गायब झालेले असतात.

मिररलेसची एक गोष्ट तुम्हाला पहिल्याच दिवशी आवडेल. बारवेत वर रणरणतं ऊन आणि खाली काळोख, डी७५० मधे आपण फोटो काढायचा, मागं बघायचं, पुन्हा काढायचा असं करतो. इथं व्ह्यूफाइंडरमधेच दिसतं की वरचं आभाळ जळालंय की वाचलंय, चाक फिरवायचं आणि मनासारखं झालं की बटण दाबायचं. आणि स्क्रीन उघडून कॅमेरा पोटाजवळ धरून पण काढता येतं. डी७५०चा स्क्रीन वर-खाली होतो खरा पण त्यात स्क्रीनवर बघून काढताना फोकस फार हळू लागतो म्हणून आपण डोळ्याला लावूनच काढत राह्यलो. आता तो हात खांद्याच्या वर न्यायची गरजच नाही, कोपरं बरगडीला टेकवा आणि निवांत काढा. तुमच्या फिजिओला विचारून घ्या तेवढं.

त्रासाच्या गोष्टीही ऐकून ठेवा. बॅटरी लवकर संपते. डी७५० एका चार्जवर बाराशे फोटो देणारा, आणि ह्या छोट्या कॅमेऱ्यांचा कंपनीचा आकडाच अडीचशे-तीनशेच्या आसपास असतो कारण व्ह्यूफाइंडरचा छोटा टीव्ही सतत चालू असतो. दोन जास्तीच्या बॅटऱ्या बॉडीसोबतच घ्या, नंतर घेऊ म्हणू नका. टाइप-सीनं पॉवर बँकवर चार्ज होतो ही सोय चांगली. कार्ड एकच बसतं, तेव्हा घरी आल्याबरोबर कॉपी करायची सवय लावा. आरसा नसल्यामुळं लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात धूळ कशी असते ते काय सांगायचं, म्हणून बारवेवर पोचायच्या आधीच गाडीत काचा लावून लेन्स बदला, एका ठिकाणी शक्यतो एकच लेन्स. पावसात भिजवू नका. आणि कॉम्प्युटरवर जुनं एकदाच विकत घेतलेलं लाइटरूम ६ असेल तर नव्या कॅमेऱ्याच्या रॉ (कच्च्या) फाइली त्यात उघडणार नाहीत, घाबरून जाऊ नका, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ फुकट आहे आणि रॉ फाईल जुन्या लाइटरूमला कळेल अशी करून देणारं ॲडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर पण फुकट आहे.

दुकानदार एक गोष्ट हमखास सुचवेल, "मॅडम, एफटीझेड अडॅप्टर घ्या, जुनेच लेन्स चालतील". चालतात, फोकसही व्यवस्थित होतो, पण सव्वाशे ग्रॅमचा अडॅप्टर आणि त्याच्यापुढं ९०० ग्रॅमचं लेन्स, हलक्या बॉडीला ते पुढं ओढतं आणि सगळा भार मनगटावर येतो. हे करायचं असेल तर घेऊच नका.

आता विकायचं. डी७५० विकू नका. विका ते ७०-२००, तुम्हीच म्हणालात की ते फारसं निघालं नाही, आणि तुमच्याकडच्या वस्तूंत पैसे त्यालाच चांगले येतील, लग्नवाल्यांना ते लागतंच. २४-७० सुद्धा द्या. त्या पैशात नव्या कॅमेऱ्याचा मोठा भाग सुटेल. आणि डी७५० ला ५० एमएम एफ १.८ लावून ठेवा, ते लेन्स १८५ ग्रॅमचं, फार महागही नाही. घरातले वाढदिवस, कॉलेजचं गॅदरिंग, ट्रायपॉडवर लावून काढा, पोरींना शिकवा त्याच्यावर, ॲपर्चर-शटर शिकायला त्याच्यासारखा कॅमेरा नाही. स्वतःच्या पैशानं घेतलेली पहिली वस्तू कपाटात बंद ठेवण्यापेक्षा एखाद्या विद्यार्थिनीच्या हातात गेलेली चांगली, आणि ती राहील तुमच्याच घरात.

पण विकायच्या आधी आजच एक बघा, आठ महिने बंद कपाटात आहे म्हणालात आणि त्यात एक अख्खा पावसाळा येऊन गेला की येणार आहे हे मला पत्रावरून कळलं नाही. खोलीत अंधार करा, लेन्सची दोन्ही टोपणं काढा, एका बाजूनं मोबाईलची टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. माझं एक लेन्स २०२० च्या लॉकडाउनमधे चामडी केसमधे घालून लोखंडी कपाटात ठेवलं होतं, उघडलं तेव्हा अर्ध्या काचेवर जाळं, साफ करून पण डाग राह्यला आणि निम्म्या किमतीत द्यावं लागलं. चामड्याच्या केसमधून बाहेर काढा, झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पुड्यांचा रंग बदलला की नव्या. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते.

नवीन लगेच विकत घेऊ नका असंही सांगतो. तुमच्या गुरुजींकडं किंवा ओळखीतल्या कोणा लग्नाच्या फोटोग्राफरकडं आता मिररलेस असणारच, लग्नसराई संपली की अर्धा दिवस मागून घ्या, मात्र त्यांचं मोठं लेन्स लावून नको, असलं तर छोटं लावून. जिंतूरकडं चारठाण्याला जा, परभणीपासून जवळच आहे, देवळं आणि बारव दोन्ही एका फेरीत होतात. सकाळी साडेसातच्या आत पोचा म्हणजे खाली उतरायच्या वेळी ऊन तिरकं मिळेल. लेकाला सोबत घ्या, पाण्याची बाटली आणि ट्रायपॉड त्याच्याकडं द्या. कॅमेरा गळ्यात नको, रुंद कापडी पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका घ्या आणि उतरताना कॅमेरा मागं कमरेवर सरकवा. तासभर काढून वर आल्यावर खांदा कसा आहे ते बघा आणि मला परत लिहा, सोबत दोन फोटोही पाठवा, वेरूळच्या शिवालय तीर्थाचे फोटो तुम्ही काढलेत का तेही कळवा, ते आठ छोटी देवळं असलेलं कुंड १२ एमएममधे कसं बसतं ते मला बघायचंय.